भाकरी, बोली, वेस आणि वाट: मानवी भूगोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोल शिकवताना दरवर्षी नवी मुलं समोर येतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. मुलं विचारतात, पालक विचारतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारेही विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुद्दाम महाराष्ट्रातली घेतली, कारण ती तुम्हाला स्वतः जाऊन बघता येतील.

मानवी भूगोल म्हणजे नेमकं काय? नद्या आणि राजधान्या पाठ करायचा विषय तोच का?

नाही. एखादी गोष्ट जिथे आहे तिथेच का आहे आणि शेजारी का नाही, हा या विषयाचा मूळ प्रश्न.

सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर गाठतानाही मारामार. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो, इथवर प्राकृतिक भूगोल सांगतो. त्या कोरड्या माणदेशातल्या माणसांनी मग काय केलं, इथून मानवी भूगोल सुरू होतो. त्यांनी मेंढरं पाळली, बाजरी-ज्वारी पेरली, मुलगे मुंबईला धाडले. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या कुटुंबांनी तर सोनं-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय धरला आणि ती देशभरातल्या सराफी पेठांत पोहोचली. पाऊस सगळ्यांवर सारखाच रुसला होता, वाटा मात्र ज्याने त्याने वेगळ्या काढल्या.

संस्कृतीचे घटक कोणते? परीक्षेला यादी विचारतात.

यादी अशी: भाषा, धर्म आणि श्रद्धा, अन्न, पोशाख, घरं आणि वस्ती, नातेसंबंध, व्यवसाय आणि अवजारं, कला, कायदा आणि राज्यव्यवस्था. त्यांचे भौतिक आणि अभौतिक असे दोन भाग करतात. हाताला लागतं ते भौतिक, मनात आणि तोंडात राहतं ते अभौतिक.

ही विभागणी लिहून गुण मिळतील, पण ती फार ताणू नका. जातं ही भौतिक वस्तू. पहाटे दोघी बायका समोरासमोर बसून जात्याचा खुंटा फिरवायच्या आणि दळता दळता ओवी म्हणायच्या. ती ओवी अभौतिक. तिची लय हाताच्या फेऱ्याला बांधलेली असे, आणि घरातल्या कुणाला सांगता न येणारं दुःख जात्याला सांगता येई. गावात पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण जातं कोपऱ्यात गेलं तशी ओवीची जागाही गेली. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या, म्हणून आज त्या हाती आहेत. एक दगडी वस्तू हलली की तिच्याबरोबर गाणं, वेळ आणि मैत्रीही हलते. यादीतले घटक असे एकमेकांत विणलेले असतात.

मग माणसाची संस्कृती जमीन आणि हवामान ठरवतात का?

या विषयातला हा सर्वांत जुना वाद. जर्मन भूगोलतज्ज्ञ फ्रेडरिक रॅट्झेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसावरचा निसर्गाचा पगडा ठळकपणे मांडला. त्यांच्यामागून आलेल्या काहींनी तो इतका ताणला की हवामानावरून माणसांच्या बुद्धीची आणि लायकीची उतरंड लावली. याला निसर्गवाद म्हणतात. त्या उतरंडीला कसलाही आधार नव्हता, आणि गोऱ्यांच्या साम्राज्याला ती सोयीची होती, हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवं. फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश यांनी दुसरी बाजू मांडली: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, त्यातली कोणती उचलायची ते माणूस ठरवतो. हा संभववाद.

ताटाकडे बघितलं तर निसर्गवाद खरा वाटू लागतो. कोकणात जांभ्या जमिनीवर धो धो पाऊस, म्हणून भात आणि तांदळाची भाकरी. डोंगरउतारावर नाचणी. देशावर आणि मराठवाड्यात काळ्या मातीत ओल टिकते, म्हणून पाऊस सरल्यावर पेरलेली शाळू ज्वारी थंडीत नुसत्या ओलाव्यावर पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हलक्या, कोरड्या रानात बाजरी. भाकरीच्या रंगावरून गाव ओळखावं असा हा हिशेब आहे.

पण घरांकडे वळलात की गुंता दिसतो. कोकणात चिऱ्याच्या भिंती आणि उतरतं छप्पर पावसामुळे आहे, मान्य. त्यावरची मंगळुरी कौलं मात्र तिथल्या मातीतून उगवलेली नाहीत. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती किनाऱ्याने वर सरकली. सोलापूर-लातूरकडे पाऊस कमी, ऊन कडक, म्हणून दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं सपाट माळवद. उन्हाळ्यात गारवा, रात्री निजायला माळवद, वाळवणालाही तेच. गळू नये म्हणून वर मातीचे थर चढत जायचे. हवामानाला अगदी चोख उत्तर. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, ती जड छपरं आणि मातीत रचलेले दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले आणि सात हजारांहून अधिक जीव गेले. नंतर नवी गावं वसली, रुंद रस्त्यांची, आखीव चौकोनांची. भिंतीला भिंत लागून असलेल्या बोळांची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे शेजार लांब वाटू लागला. उन्हाला दिलेलं चांगलं उत्तर भूकंपाला चुकीचं ठरलं, आणि भूकंपाला दिलेल्या उत्तराने शेजार बदलला. म्हणून “निसर्ग ठरवतो” या दोन शब्दांत उत्तरपत्रिका संपवू नका.

एका ठिकाणची गोष्ट दुसरीकडे कशी रुजते?

याला सांस्कृतिक प्रसार म्हणतात. व्यापारी, सैनिक, मिशनरी, मजूर आणि नव्या नवऱ्या हे त्याचे वाहक. नव्या नवऱ्या हा शब्द घाईत लिहिलेला नाही. भारतात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे आणि प्रत्येक सून माहेरचा मसाला, माहेरची ओवी, माहेरचा एखादा देव घेऊन येते.

उदाहरण घरातलंच घ्या. एकादशीचं ताट. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, सगळी अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरींनंतर ही पिकं समुद्र ओलांडून निघाली आणि आपल्या किनाऱ्यावर ती उतरवण्यात पोर्तुगिजांचा मोठा वाटा होता. बटाटा हा शब्दही त्यांचाच, तसेच पाव, पगार, चावी आणि साबण. साबुदाणा तर आजही प्रामुख्याने तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. ज्ञानेश्वरांच्या काळी यातलं काहीच नव्हतं, तरी आज साबुदाण्याच्या खिचडीवाचून एकादशी सुनी वाटते. बाहेरून आलेली गोष्ट सर्वांत पवित्र दिवशीच्या ताटात बसली, इतकी ती आपली झाली. परंपरा शुद्ध आणि अचल असते असं कुणी म्हणालं की मी हे ताट पुढे करतो.

बोली खरंच दर बारा कोसांवर बदलते का?

बारा कोसांचा आकडा ही म्हण आहे, मोजमाप नव्हे. बदल होतो तो खरा. मालवणी माणूस “मी जातंय” म्हणतो, अहिराणीत “मी जास” होतं, नागपूरकडे “तू काय करून राहिला?” असं विचारतात. त्या “करून राहिला”मागे हिंदीचा शेजार ऐकू येतो, कारण नागपूर आणि वऱ्हाड दीर्घकाळ मध्य प्रांताशी जोडलेले होते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. सरहद्द जवळ आहेच, पण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तिथे माग टाकले हेही कारण आहे. म्हणजे बोलीच्या नकाशावर डोंगर आणि नद्या उमटतात, तशीच जुनी राज्यं आणि जुने धंदेही उमटतात.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यात मराठीच्या अनेक बोली आल्या, अहिराणी मात्र खानदेशी या वेगळ्या भाषेत आणि मालवणी कोकणीत मोजली गेली. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्या शिक्षकाला मुलांनी नम्रपणे, पण जरूर थांबवावं.

गावाच्या रचनेत वाचण्यासारखं काय असतं?

खूप काही. माझ्या मते या विषयाचा खरा गाभा इथेच आहे.

जुनी माणसं गावठाणाला पांढरी म्हणत आणि शेतजमिनीला काळी. शेकडो वर्षांची राख, शेण, मातीच्या पडलेल्या भिंती साचून वस्तीची माती पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. नदीकाठी शेतातच पांढऱ्या मातीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्वज्ञ थबकतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकरी वस्ती उघडी केली. बोलीतल्या एका शब्दाने जमिनीचा इतका इतिहास सांभाळला आहे.

देशावर गाव एकवटलेलं असतं: गावकूस, वेस, मध्ये चावडी आणि मारुती. पाणी ठरावीक जागी मिळायचं आणि लुटारूंची भीती होती, म्हणून माणसं दाटीने राहिली. याला केंद्रित वस्ती म्हणतात. कोकणात पाणी आणि सपाट जागा तुकड्या-तुकड्यांनी मिळते, म्हणून घरं वाड्यांमध्ये विखुरलेली. तिथे एका गावाची माणसं एकमेकांपासून टेकडीभर लांब राहतात. नावंही बोलतात. बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आले, एक थोरला आणि एक धाकटा. वडगाव, पिंपळगाव झाडांवरून. तांडा म्हटलं की बंजारा वस्ती, पाडा म्हटलं की आदिवासी वस्ती.

आणि गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. कुणाचं घर कुठे, कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं, कुणाची सावली कुठे पडता कामा नये, हे सगळं जागेत आखलेलं होतं. जात फक्त मनात नव्हती, ती नकाशावर होती. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेतलं, तेव्हा तो एका जागेवरचा हक्क सांगणारा लढा होता. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेने ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही आधी केला होता, तरी पायरी उतरायची मुभा नव्हती. राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नावं बदलतील. घरं कुठे आहेत आणि नळ कुठवर पोहोचला आहे, हे मात्र भूगोलाच्या विद्यार्थ्याने चालत जाऊनच तपासायचं असतं.

प्रदेश म्हणजे काय? विदर्भ, मराठवाडा, कोकण हे प्रदेश कुणी ठरवले?

तीन प्रकार लक्षात ठेवा. एखादा गुण सगळीकडे सारखा असतो तो औपचारिक प्रदेश, जसा ज्वारीचा पट्टा. एखाद्या केंद्राभोवती येण्याजाण्याने बांधला जातो तो कार्यात्मक प्रदेश, जसा मुंबई लोकलने कसारा, कर्जत, डहाणूपर्यंत बांधलेला. आणि लोकांच्या बोलण्यात असतो तो जनमानसातला प्रदेश, जसे “देश” आणि “घाटावरचे”. त्याची रेषा विचाराल तर प्रत्येक जण वेगळ्या जागी ओढेल, तरी तो खरा असतो. मराठवाड्याला राजकारणानेही घडवलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून तिथला मुक्तिदिन वेगळा आणि बोलीत उर्दूचे शब्दही अधिक.

धर्माचा भूगोलाशी काय संबंध?

इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवत. त्या स्वतः वारीला चालल्या आणि ज्या भूमीतली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर गवसली. राज्याच्या सीमेपेक्षा ती मला जास्त पटते. आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. दिवे घाटात उभं राहून बघा: वळणावळणाने वर चढणारी पताकांची रांग, आणि त्याच वेळी खाली शेतात पेरणीची घाई. मृगाचा पाऊस झाला, पेरा उरकला, की शेतकऱ्याला निघता येतं. वारीचं वेळापत्रक पंचांगात आहे तसं पावसातही आहे.

जेजुरीचा खंडोबा वेगळीच गोष्ट सांगतो. त्याची म्हाळसा वाण्याची लेक, तर बानू धनगराची. एका देवाच्या घरात पेठ आणि कुरण नांदतात. वेगवेगळ्या समाजांना एका डोंगरावर आणणारं हे नातं आहे.

नातेसंबंधांचाही भूगोल असतो?

असतो. कर्वे यांच्या १९५३ च्या अभ्यासात भारताचे नातेसंबंधांनुसार विभाग पाडले आहेत. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं. महाराष्ट्र मधोमध: अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. भाषा उत्तरेच्या कुळातली, सोयरीक दक्षिणेकडे झुकलेली. अण्णा आणि अक्का हे शब्दही आपण कन्नडच्या शेजारातून घेतले.

लोक गाव का सोडतात? आणि सोडल्यावर गावाचं काय होतं?

पुस्तकात ढकलणारी आणि ओढणारी कारणं दिली आहेत: दुष्काळ, तुटपुंजी जमीन, जातीचा जाच एकीकडे, मजुरी, शिक्षण, मोकळा श्वास दुसरीकडे. ती बरोबर आहेत. पण स्थलांतराची तऱ्हा बघितल्याशिवाय विषय कळत नाही, म्हणून तीन तऱ्हा सांगतो.

पहिली चाकरमान्यांची. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभारली गेली आणि कोकणातले पुरुष पिढ्यान् पिढ्या गिरणगावात आले. एका गावचे लोक गावकीची खोली घ्यायचे. पाळीप्रमाणे निजायचं, भिंतीवर ट्रंका, जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गावात मागे बायका, म्हातारी माणसं आणि मनीऑर्डरची वाट. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा आनंदाने “चांगलं लिंगगुणोत्तर” म्हणून लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तो मुख्यतः गैरहजर पुरुषांचा आकडा आहे. त्या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गणपतीला आणि शिमग्याला मात्र तीच बंद घरं उघडतात.

दुसरी ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला एक “कोयता” म्हणतात. माणसांच्या जोडीला अवजाराचं नाव पडावं, यातच त्यांची कामावरची किंमत दिसते. पालातली मुलं अर्ध्या वर्षाची शाळा हरवतात.

तिसरी धनगरांची, सर्वांत जुनी. पावसाळ्यात मेंढरं कोरड्या माळावर, कारण ओलीत त्यांचे खूर सडतात. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणाकडे जातात. भात कापलेल्या खाचरांत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. एकदा घाटात असा वाडा, म्हणजे धनगरांचा चालता तांडा, बघितला: घोड्यावर बांधलेल्या खाटेवर कोंबड्या, करडं आणि एक तान्हं मूल, पुढे नऊवारीतली बाई लगाम धरून, मागे काठी टाकत पुरुष. शाळकरी पोरांनी भटके म्हणून हाक मारली. ती माणसं भटकत नव्हती. कुठल्या गावी, कुणाच्या खाचरात, कितव्या रात्री उतरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पाऊस कुठे आणि कधी असतो याचा तो चालता नकाशा होता.

महाराष्ट्राबाहेर गेलेली संस्कृती टिकते का?

टिकते, पण बदलून. बेने इस्रायली ज्यू पिढ्यान् पिढ्या रायगडच्या किनारी गावांत तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं पडली. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, तरी प्रेषित एलियाच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा करण्याची कोकणातली रीत तिथे चालू आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे गणेश चतुर्थीला आज देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

मला स्वतः अभ्यास सुरू करायचा आहे. कुठून करू?

आपल्या गावापासून किंवा मोहल्ल्यापासून. तलाठी कार्यालयात गावनकाशा पाहायला मागा. त्यावर गावठाण, ओढा, जुनी वाट आणि पाणवठे रंगाने खुणावा. मग घरातल्या सर्वांत थोर बाईंजवळ बसा आणि विचारा: माहेर कुठलं, तिथे भाकरी कशाची होती, इथे आल्यावर कोणता शब्द सोडावा लागला, पाणी कुठून आणायचात आणि तिथे कुणाला येऊ देत नसत. १९७२ चा दुष्काळ आठवत असेल तर रोजगार हमीची खडी, कामावर खायला मिळणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल विचारा. पाणवठ्याचा प्रश्न विचारायला अवघडल्यासारखं होईल. तोही विचारा, आणि त्यांनी दाखवलेली जागा नकाशावर लावून घ्या.